अस्सल कशाला म्हणायचे? : जुन्या क्रोनोग्राफ घड्याळांची पाठचिकित्सा

जुनी यांत्रिक क्रोनोग्राफ मनगटी घड्याळे जमवणे हा श्रीमंतांचा छंद आहे, असे म्हणून तो विषय सहज बाजूला सारता येईल. पण लिलावगृहांच्या सूच्या वाचू लागलो तेव्हा मला त्यांतली भाषा ओळखीची वाटली. मूळ, अस्पर्श, नंतरची भर, दुसऱ्या हाताची दुरुस्ती, ही तर पोथ्या पडताळणाऱ्या अभ्यासकाची परिभाषा. माझे म्हणणे असे की, या संग्राहकांनी पाठचिकित्सेची भाषा उचलली, तिची शिस्त मात्र उचलली नाही.

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता एक वेगळा काटा सुरू करता, थांबवता आणि शून्यावर आणता येणारे घड्याळ. लुई म्वाने याने असे मापक १८१६ मध्ये पूर्ण केले. निकोला रिउसेक याचे १८२१ चे यंत्र तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे, म्हणून ‘कालालेखक’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव. पुढे मनगटी क्रोनोग्राफच्या तबकडीवर नाना मोजपट्ट्या आल्या. एक किलोमीटर छत्तीस सेकंदांत कापला तर काटा ताशी शंभरचा वेग दाखवतो. डॉक्टरसाठीच्या पट्टीवर ठरावीक ठोके मोजले की मिनिटाची नाडी कळते. तोफेचा जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंत काटा चालवला की अंतर कळते. घड्याळ कोणाच्या कामासाठी घडवले, हे तबकडीच सांगते. वाचायला शिकणाऱ्यासाठी ती खरोखर एक संहिता आहे.

बाजार मात्र वेगळेच वाचतो. किमतीचा मोठा भाग यंत्रात नसून तबकडीवरच्या रंगाच्या पातळ थरात असतो. काळा रंग सदोष असल्याने उन्हाने तपकिरी झाला, तर त्या दोषाला ‘ट्रॉपिकल’ असे गोड नाव मिळते आणि भाव चढतो. ट्रिटियमचे तेज साधारण दर बारा वर्षांनी निम्मे होते. म्हणून साठच्या दशकातल्या घड्याळाचे अंक अंधारात लख्ख चमकले, तर जाणकाराला शंका येते. इथवर ही चिकित्सा निर्दोष आहे.

अडचण पुढे येते. यांत्रिक घड्याळ चालायचे तर त्याला हात लावावाच लागतो. तेल सुकते, दाते झिजतात, मुख्य स्प्रिंग थकते. पूर्वी कंपन्यांची सेवाकेंद्रे दुरुस्तीबरोबर डागाळलेली तबकडी आणि काटेही बदलून देत. गिऱ्हाइकाला ती चोख सेवा वाटे. आज त्याच सेवेला नासधूस म्हणतात. ज्याने घड्याळ चालते ठेवले तो घड्याळजी या हिशेबात पोथी बिघडवणारा लेखनिक ठरतो.

हा नियमही सरसकट पाळला जात नाही. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये नट पॉल न्यूमन यांची रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेली. तिच्यासारख्या तबकड्या दुकानांत नव्या असताना फारशा खपत नव्हत्या. या घड्याळाच्या पाठीवर पत्नी जोअन वुडवर्ड यांनी ‘जपून गाडी चालव’ अशा अर्थाचा मजकूर कोरून घेतला होता. कारखान्याच्या दृष्टीने तो प्रक्षेपच. पण इथे प्रक्षेपानेच मोल वाढवले. म्हणजे अस्पर्शतेचा आग्रह अनाम घड्याळजीसाठी. प्रसिद्ध हाताला तो लागू नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात १९५७ च्या पहिल्या पिढीची, तपकिरी पडलेली ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांहून अधिक किमतीला गेली. घेणारे ओमेगाचेच संग्रहालय होते. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केले की, हे घड्याळ निरनिराळ्या घड्याळांचे बहुतांशी खरे भाग जोडून बनवलेले आहे आणि या प्रकारात तिचे माजी कर्मचारी सामील होते. सुटा भाग बहुधा खरा, पण एकत्रित वस्तू खोटी. पाठचिकित्सेत याला मिश्र पाठ म्हणतात. अस्पर्शतेवर एवढा पैसा लागला की खोटे करणाऱ्याला नवे काही घडवावे लागत नाही. अस्सल तुकडे गोळा केले की भागते.

या बाजारात आपल्या शहराचेही नाव आहे. तबकडी नव्याने रंगवून भारतातून विकायला येणाऱ्या जुन्या घड्याळांना परदेशी संग्राहक हेटाळणीने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. नवा रंग जुना म्हणून विकणे ही फसवणूकच, तिची वकिली मी करणार नाही. पण तबकडी रंगवणे आणि रंगवल्याचे लपवणे हे दोन वेगळे गुन्हे मानले जातात, आणि त्यांतला पहिला गुन्हा नाहीच. वापरातली वस्तू वापरात राहावी म्हणून केलेले ते काम आहे.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. हस्तक्षेप झाला, पण उघड, नावानिशी आणि तिथीनिशी. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिने नाकारलेले पाठ फेकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. घड्याळांच्या सूच्यांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे. स्प्रिंग केव्हा बदलली, काटे कोणी बसवले, तबकडी कधी रंगवली, हे सारे नोंदवा आणि त्यासाठी भाव पाडू नका. दुरुस्ती कबूल करणाऱ्याचे नुकसान होत राहील, तोवर सूचीतला ‘अस्पर्श’ हा शब्द वाचताना मी आधी एवढेच विचारीन, की मग हे घड्याळ चालते कसे?