आखूड तारेचा तंबोरा : सोय आणि नाद

तंबोऱ्याच्या आकाराची चर्चा आपल्याकडे प्रायः सोयीच्या अंगाने होते. प्रवासात नेण्यास सुलभ, विद्यार्थ्यास सहज पेलणारा, म्हणून लहान तंबोरा चांगला, हे मत रूढ आहे. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवर मिरज आहे. तेथील शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकापासून घडविलेल्या तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा परंपरेच्या शेजारी राहून वाद्याची पारख केवळ उंची व वजनावरून करणे शोभत नाही.

मर्दानी तंबोऱ्याची मोकळी तार सुमारे एक मीटर, जनानी तंबोऱ्याची त्याच्या पाऊणपट. या पाऊणपटीत कारागिराचे शहाणपण आहे. तार व ताण तोच ठेवून लांबी पाऊणपट केली की कंपनसंख्या चार-तृतीयांश पट होते. म्हणजे काळी एकचा तंबोरा काळी तीनवर जातो. अडचण उद्भवते ती साठ सेंटिमीटर तारेच्या तंबोरीकडून काळी एकची अपेक्षा केली म्हणजे. त्याच पट्टीस लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तीच तार ३६ टक्के ताणावर येते. ती ढिली पडते. छेडताच स्वर क्षणभर चढून उतरतो. ताण राखावा तर तारेचा व्यास १.६७ पट हवा, आणि जाड, आखूड तार सळईसारखी वागू लागते. तिचे उपस्वर पूर्णांकी प्रमाणापासून ढळतात. ताठरपणाचा हा परिणाम येथे सुमारे एकवीसपट होतो.

अन्य वाद्यात हे कदाचित खपून जाईल. तंबोऱ्याचे सारे सामर्थ्य मात्र उपस्वरांत आहे. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, हा सर्वसामान्य नियम; जवारीच्या रुंद घोडीवर तोही उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले. जवारी जे उपस्वर जोपासते तेच ढळलेले असतील, तर जवारी कितीही उत्तम काढली तरी तिचा उपयोग काय?

पाश्चात्त्य बास गिटारचा दाखला येथे दिला जातो. तिची तार ३४ ऐवजी ३० इंच केल्यास ताण सुमारे ७८ टक्क्यांवर येतो, पहिल्या अर्धस्वराचे अंतर ४८ ऐवजी ४३ मिलिमीटर होते. लहान हाताला हा खरा दिलासा आहे. पडदे नसलेल्या बासवर त्याची किंमतही मोजावी लागते, कारण बोट एक मिलिमीटर चुकल्यास आखूड तारेवर स्वर अधिक ढळतो. शिवाय तेथे वेढे दिलेली लवचीक तार असते. तंबोऱ्यावर डावे बोट तार दाबतच नाही. तार आखूड केल्याने वादकाच्या बोटांना काहीच लाभ नाही, लाभ वाहून नेणाऱ्या खांद्याला.

लहान तंबोरा त्याज्य आहे, असे म्हणणे नाही. काळी चार किंवा पाचवर गाणाऱ्या विद्यार्थिनीस तो उचितच ठरेल. महाविद्यालयाच्या मागणीपत्रात मात्र आपण ‘तंबोरा, नग दोन’ एवढेच लिहितो. पट्टी आणि मोकळ्या तारेची लांबी असे दोन रकाने त्यात वाढविण्यास कोणाची हरकत नसावी.