प्रवासवर्णन आणि छायाचित्र

युरोपच्या प्रवासाहून परतलेला मराठी गृहस्थ पूर्वी मित्रमंडळींस हकीकत सांगत असे. आता तो छायाचित्रे दाखवितो. ल्युसर्नचे सरोवर, आल्प्सची हिमशिखरे, व्हेनिसचे कालवे, प्रागचा चार्ल्स पूल, सारे कसे सुबक आणि स्वच्छ असते. तरीही पाहणाऱ्याच्या मनात ते स्थळ उभे राहत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न केवळ छायाचित्रकलेचा नाही. मराठी प्रवासवर्णनाच्या भवितव्याशी आणि आम्हां शिक्षकांच्या कामाशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

दृश्य आणि वातावरण यांत भेद केला पाहिजे. दृश्य डोळ्यांसमोर तयार असते, आणि कॅमेरा ते क्षणार्धात टिपतो. वातावरण मात्र उजेड, हवा, शांतता आणि पाहणाऱ्याची मनःस्थिती यांच्या मेळातून घडते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सर्व काही मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. म्हणून त्याच्यावर विसंबणाऱ्याचा बर्फ मळकट आणि धुके काळवंडलेले उतरते. ज्याने धुके पाहिले आहे तो यंत्राचे न ऐकता प्रकाश थोडा अधिक देतो. सारांश, यंत्रालाही जाणत्या माणसाची गरज लागते.

यावरून छायाचित्रास वातावरण साधतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. युजेन आत्जे यांनी जड लाकडी कॅमेरा आणि काचपट्ट्या वाहून जुने पॅरिस सुमारे तीस वर्षे टिपले. १९२७ साली मृत्यूनेच ते काम थांबविले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले योसेफ सुदेक यांनी प्रागमधील आपल्या कार्यशाळेच्या एकाच खिडकीची छायाचित्रे १९४० ते १९५४ या काळात काढली. दव, पाऊस, बर्फ यांतून बदलणारी ती खिडकी हेच त्यांचे प्रवासवर्णन. दोघांपाशीही एक गोष्ट होती, जी आठ दिवसांत पाच देश पाहणाऱ्या प्रवाशापाशी नसते. ती म्हणजे वाट पाहण्याची सवड.

मग प्रवाशाने काय करावे? येथे आमचे प्रवासवाङ्मय मार्ग दाखविते. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या नावातच धुके आहे, आणि ते केवळ हवेचे वर्णन नव्हे. प्रवाशाच्या मनातील शोधाची दिशा त्यातून सूचित होते. पु. ल. देशपांडे १९५८ साली दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी बी.बी.सी.त गेले आणि त्या प्रवासातून 'अपूर्वाई' (१९६०) लिहिली गेली. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केलेल्या या लेखकाने युरोपचे वातावरण उभे केले ते स्थळांची मोजदाद करून नव्हे, तर आपले बावरणे, आपला अचंबा आणि आपले घर सतत सोबत ठेवून. त्या पुस्तकास चित्रे शि. द. फडणीसांची, निपाणीजवळच्या भोज गावी त्यांचा जन्म झाला. त्यांची रेषा देखाव्याशी स्पर्धा करीत नाही. पाहणाऱ्या माणसाची गंमत ती दाखविते.

यावरून आम्हांस असे वाटते की, स्थळाचे वातावरण हाती येण्याचे मार्ग दोनच : दीर्घ सहवास किंवा प्रामाणिक नवखेपण. वर्षानुवर्षे लंडनमध्ये राहून 'माझं लंडन' लिहिणाऱ्या मीना प्रभु यांचा मार्ग पहिला, पु. लं.चा दुसरा. आजच्या प्रवाशाची बहुसंख्य छायाचित्रे या दोहोंपैकी कोठेच बसत नाहीत. सहवास त्याला नसतो, आणि नवखेपण तो लपवितो. कॅलेंडरवर पूर्वी पाहिलेले चित्रच तो स्वतः पुन्हा काढतो. मग छायाचित्रांनी सजलेल्या प्रवासग्रंथात शब्दही सैल पडतात, कारण लेखकास वाटते की चित्राने सांगितलेच आहे. अशा ग्रंथाची कसोटी सोपी आहे. चित्रे झाकून वाचावे आणि स्थळ उरते की नाही ते पाहावे.

आम्हांस हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटतो, तो वर्गात येणाऱ्या अनुभवामुळे. गुंजीसारख्या गावातील मुलांस 'मी पाहिलेले रम्य स्थळ' हा निबंध घातला की अनेक वह्यांत आल्प्सचा बर्फ पडतो. माउलीचे देऊळ, लोंढ्याकडे जाणारा रूळ आणि पावसाळी झड या निबंधात बसण्याजोग्या वस्तू आहेत, हे त्यांस ठाऊकच नसते. एकदा एका मुलाने लिहिले की, पावसात गाडी दिसत नाही, पण आधी तिचा आवाज येतो आणि मग आई चुलीवरचे भांडे उतरविते. त्या वाक्यात आम्हांस अवघे स्टेशन दिसले. कोणत्याही छायाचित्रात तो आवाज आला नसता.

कॅमेरा टाकून द्या, असे आम्ही सांगत नाही. प्रवासास जाणाऱ्याने तो अवश्य न्यावा. मात्र प्रत्येक छायाचित्रामागे, त्यात जे उतरले नाही ते दोन वाक्यांत लिहून ठेवावे. आणि सीमाभागातील आम्हां मराठी शिक्षकांनी तर हे आधी आपल्याच गावात करावे. ज्या मुलास आपल्या दारचे धुके शब्दांत पकडता आले, तो पुढे लंडनचे धुके पाहावयास गेला तर रिकाम्या हाताने परतणार नाही.