चाळीस वर्षांची एक खेळी

बुद्धिबळात राजा आयता मिळतो, सोंगट्यांत घर आयतं मिळतं आणि पत्त्यांत तर शत्रूसुद्धा शेजारी आणून बसवलेला असतो. ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरच्या खेळात यातलं काहीच मिळत नाही. मिळतं काय, तर एक अनोळखी मुलूख, वस्ती करायला निघालेली चार माणसं नि त्यांच्या राखणीला एक सोटेवाला. साल, इसवी सनापूर्वी ४०००. आता करा राज्य!

सिड मायर नावाच्या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ १९९१ मध्ये आला. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. २०२५ मध्ये सातवी निघाली. सुट्टीत आलेल्या नातवानं मला खेळायला बसवलं ती सहावी, २०१६ची. शेवटी शेवटी यात अग्निबाण उडतात, असं तो सांगतो. उडोत बापडे. माझं परीक्षण पहिल्या पन्नास खेळ्यांपुरतंच आहे. स्वयंपाक कसा झालाय हे पहिल्या घासाला कळतं. त्यासाठी ताकभातापर्यंत थांबावं लागत नाही.

पहिली गंमत वेळेची. सुरुवातीला एक खेळी म्हणजे चाळीस वर्षं. सोटेवाला दोन घरं चालला, चाळीस वर्षं गेली. टेकडीवर चढला, पुन्हा चाळीस. आता आम्ही पडलो वेळापूरचे. माउलींची पालखी आळंदीहून निघते ती सुमारे तीन आठवड्यांत पंढरपुरात, आणि वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर तर वारकरी चक्क पळत सुटतात. त्याला ‘धावा’ म्हणतात. या खेळात धावा करायचा म्हटला तर आजोबा उतारावर सुटणार आणि वेशीत नातू पोचणार!

“आजोबा, तुम्ही आधी गाव वसवा हो,” नातू म्हणाला. “किती वर्षं उभं करून ठेवणार त्यांना?”

पण जागा पारखायला नको का? इथंच हा खेळ मला शहाणा वाटला. त्याचा नियम असा: गोड्या पाण्याकाठी वसलात तर पाच माणसांची सोय, समुद्राकाठी तीन, आणि कोरड्या माळावर फक्त दोन. संपला विषय. सोलापूर जिल्ह्याचा अख्खा भूगोल या तीन आकड्यांत बसवलाय! आमच्या माळशिरस तालुक्यात नीरेच्या कालव्याचं पाणी आलं, तेव्हा सासवडच्या माळी बागाइतदारांनी बिऱ्हाडं उचलली, अकलूजच्या बाजूला येऊन ऊस लावला आणि १९३२ मध्ये स्वतःचा साखर कारखाना स्थापन केला. त्या वस्तीचं नाव माळीनगर. या मंडळींना संगणक कुणी दाखवला नव्हता. पण पाणी बघून मुक्काम टाकायची ही खेळी त्यांनी बिनचूक खेळली.

दुसरा नियम याहून खोल आहे. नवं गाव वसवायला माणसं पाठवली की जुन्या गावाची लोकसंख्या एकानं कमी होते. नातू म्हणाला, “हे लक्षात ठेवावं लागतं.” म्हटलं, बाळा, वेळापुरात हे कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही. घराघरातून एकेक वजा झालेला आहे. फरक एवढाच, की खेळातला माणूस बाहेर पडतो तो राज्याला नवं शहर जोडतो. आमचा माणूस पुण्याला जातो आणि हडपसरला दोन खोल्या घेतो. तिथं गाव वसत नाही, सोसायटी होते. आणि आकडा इकडचा कमी होतो तो होतोच.

इथवर मी खेळावर खूश होतो. मग नकाशावर एक पाड्यासारखी वस्ती दिसली. “आत जा आजोबा, बक्षीस मिळतं,” नातू म्हणाला. सोटेवाला आत गेला. त्या लोकांनी सोनं दिलं, आणि वस्ती नकाशावरून गडप! अहो, पाहुणचार त्यांनी केला आणि घरही त्यांचंच गेलं! कुठं गेली ती माणसं? खेळ सांगत नाही. पुढच्या खेळीत तिथं हिरवं गवत, जणू कधी कुणी चूलच मांडली नव्हती.

याहून वाईट म्हणजे ‘रानटी’. ज्यांचं शहर नाही, दुसऱ्या राजांच्या यादीत ज्यांचं नाव नाही, अशा टोळ्यांना खेळानं सरसकट हे नाव दिलंय. त्यांच्याशी आपण बोलणी करायची नाहीत, दिसले की मारायचे. आमच्या तालुक्यात मेंढरं घेऊन माळामाळानं फिरणारे धनगर आहेत. त्यांचा वाडा आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. आणि मेंढरं आपल्या रानात बसावीत, खत मिळावं म्हणून शेतकरीच त्यांना बोलावतो. या नकाशावर त्यांना कुठलं खातं मिळालं असतं, सांगायला नको.

म्हणजे या खेळाला पाण्याची अक्कल आहे, माणसाची नाही. मुलूख रिकामा असतो, ही त्याची समजूत. आणि जो वाढत नाही तो हरला, ही दुसरी.

आमच्या वेळापुरात अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख गावात आहेत. खेळाच्या हिशेबानं रामचंद्रदेव केव्हाच बाद. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीचं राज्य बुडालं. पण देवळात दिवा लागतो, आणि दगडावरची भाषा आम्ही अजून बोलतो, भांडणासाठी तर विशेष. याला विजय म्हणायचं की पराजय? यात विज्ञानाचा विजय आहे, युद्धाचा आहे, धर्माचासुद्धा आहे. पण धर्माचा विजय म्हणजे दुसऱ्यांना आपल्यात ओढणं. दरवर्षी लाखो माणसं गावातून चालत जावीत, कुणाची इंचभर जमीन घेऊ नये, कुणाला बाटवू नये, विठोबाचं दर्शन घेऊन घरी परतावं आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं, अशी सोंगटीच या खेळात नाही.

तेव्हा माझा अभिप्राय असा: सुरुवात जरूर खेळा. कुठलं पाणी, कुणाला धाडायचं, हे प्रश्न इतके नेमके दुसऱ्या कुठल्या खेळानं मला विचारले नाहीत. फक्त रिकामी दिसणारी जागा आली, की शिपायाला क्षणभर थांबवा आणि इथं आधी कोण राहत होतं ते विचारा. चाळीस वर्षं तशीही जाणारच आहेत.