पुरूचे निवेदन

ययातीची कथा ही भोगाच्या अतृप्तीची कथा म्हणून वाचण्याची आपल्याकडे रूढी आहे. वार्धक्य लांबवणाऱ्या गोळ्यांचा विषय निघाला, की वक्ता तिचाच दाखला देतो, उपभोगाने वासना शमत नाही हे तात्पर्य सांगतो आणि खाली बसतो. तात्पर्य खोटे नाही. पण त्याने प्रश्न सुटत नाही. सकाळी चहाबरोबर गोळी घेणाऱ्या साठीच्या गृहस्थाला हजार वर्षांचा भोग नको असतो. जिना चढताना धाप लागू नये, ओळखीच्या माणसाचे नाव वेळेवर आठवावे आणि शेवटची वर्षे अंथरुणात जाऊ नयेत, एवढीच त्याची मागणी असते. ह्या माणसाला वैराग्याचा उपदेश करणे मला उद्धटपणाचे वाटते.

मात्र हीच कथा नीट वाचली, तर ती त्याच्या उपयोगी पडेल असे मला वाटते. आदिपर्वात शुक्राचार्यांचा शाप मागे फिरत नाही. ययातीने विनवणी केल्यावर त्याला एवढीच सवलत मिळते, की आपली जरा त्याला दुसऱ्या कोणाला देता येईल. म्हणजे ह्या कथेत तारुण्य नव्याने निर्माण होत नाही. ते एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात जाते. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू नकार देतात, पुरू होकार देतो. तेव्हा कथा आपल्याला विचारायला लावते तो प्रश्न असा: मिळालेली वर्षे आली कोणाकडून?

आमच्या वाङ्मयाने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति' (१९५९) ह्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तीन निवेदक आहेत. पुरूला निवेदन नाही. खांडेकरांचे लक्ष भोगणाऱ्या मनावर होते, त्यामुळे देणारा कडेला राहणे स्वाभाविक होते, आणि त्यासाठी त्यांना दोष देणे रास्त होणार नाही. परंतु परिणाम असा झाला, की मराठी वाचकाच्या मनात ययातीची तळमळ कायमची राहिली आणि पुरूच्या देहावर काय ओढवले ते धूसरच राहिले. गिरीश कर्नाडांच्या कन्नड 'ययाति'त (१९६१) ही जागा भरून निघते. तेथे पुरूची नववधू चित्रलेखा ह्या व्यवहाराचा जाब विचारते आणि अखेर प्राण देते. घेणाऱ्याच्या हिशेबात न धरलेली किंमत रंगभूमीवर दिसते ती तेव्हा.

दीर्घायुष्याविषयी आज जे बोलले व लिहिले जाते, ते बहुतेक ययातीचे निवेदन असते. मी अमुक घेतो, मला हलके वाटते, माझी त्वचा सुधारली. हा अनुभव खोटा असतोच असे नाही, पण तो एकाच निवेदकाचा असतो. पुरूचे म्हणणे ऐकण्याची एक जागा आधुनिक वैद्यकाने निर्माण केली आहे. ती म्हणजे चाचणी: काहींना औषध द्यायचे, काहींना तसेच दिसणारे निरुपद्रवी काही द्यायचे, आणि वर्षानुवर्षे मोजत राहायचे.

बीटा-कॅरोटीनची गोष्ट पाहा. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, भाज्यांत हे द्रव्य असते, तेव्हा त्याची गोळी हितकर असणार, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तो तपासला गेला. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा, की ही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. 'ई' जीवनसत्त्वाचेही तेच. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्या पुरुषांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक दिसला, हे २०११ साली जाहीर झाले. ज्यांनी ह्या गोळ्या घेतल्या त्यांनी आपल्या देहाने आपल्याला हे सांगितले. बाटलीवरच्या चिठ्ठीवर त्यांचे निवेदन छापलेले नसते.

सगळीच द्रव्ये पोकळ आहेत असे मात्र नाही. रापामायसिनचा जन्म ईस्टर बेटावरच्या मातीत झाला. ती माती १९६४ साली एका कॅनेडियन मोहिमेने आणली, आणि माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने तिच्यातून हे द्रव्य वेगळे काढले. १९९९ साली अमेरिकेत मूत्रपिंडारोपणासाठी त्याला मान्यता मिळाली, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. २००९ साली असे दिसून आले, की ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या उंदरांना ते दिले असता नरांचे आयुष्य सुमारे ९ व माद्यांचे सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. ही थोर गोष्ट आहे. परंतु तो उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात राहतो. आपण लोकलच्या गर्दीत उभे असतो. तोंडातील व्रण, रक्तातील साखर व चरबी वाढणे, जंतुसंसर्ग, ही ह्या औषधाची माहीत असलेली किंमत आहे. थोड्या मात्रेत, आठवड्यातून एकदा घेतल्यास ती कमी पडते असे पुरस्कर्ते म्हणतात, आणि ते खरे असू शकेल. माणसाचे आयुष्य त्याने वाढते हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.

मेटफॉर्मिनची गोष्ट अधिक बोलकी आहे. ते घेणारे मधुमेही निरोगी माणसांहूनही अधिक जगतात, असे २०१४ साली ब्रिटनमधील नोंदींवरून वाटले. २०२२ साली डेन्मार्कमधील नोंदींत तसे आढळले नाही. शिवाय २०१९ साली असे दिसले, की व्यायाम करणाऱ्या वृद्धांना ते दिल्यास व्यायामाचा लाभ कमी होतो. मधुमेह्यांसाठी हे उत्तम औषध आहे, आणि हा लेख वाचून कोणी ते थांबवू नये. पण निरोगी माणूस ते घेतो, तेव्हा चालण्याने मिळवलेले तो कदाचित गोळीला देऊन टाकतो. येथे पुरू दुसरा कोणी उरत नाही. पन्नाशीतला माणूस घेतो आणि फेड करतो सत्तरीतला तोच माणूस. त्याचा होकार मात्र कोणी विचारलेला नसतो.

ह्यावर कोणी म्हणेल, की मग आयुष्य वाढवूच नये काय? अवश्य वाढवावे. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सुमारे ७० आहे. लस, प्रतिजैविके, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण, पोटभर अन्न ह्यांनी ही वर्षे दिली, आणि त्यासाठी कोणा पुरूला म्हातारे व्हावे लागले नाही. रक्तदाबाच्या साध्या गोळ्याही हजारो माणसांवर पारखून मग आपल्यापर्यंत आल्या आहेत. माझा आक्षेप औषधाला नाही, देणाऱ्याचे न ऐकता घेण्याला आहे. ज्या द्रव्याची चाचणी झाली आहे, ज्याचे अपाय लिहून ठेवले आहेत आणि जे आपल्याला लागू आहे असे आपला डॉक्टर रक्त तपासून सांगतो, ते घ्यावे. ज्याच्या बाजूने केवळ ययाति बोलत आहेत, ते तूर्त कपाटात राहू द्यावे.

कारण ययातीला एक सोय होती. मन विटल्यावर त्याने पुरूचे तारुण्य परत केले, आपली जरा परत घेतली आणि तो वनात गेला. फिनलंडमधील त्या माणसांना फुप्फुसे परत मिळाली नाहीत.