हैदराबादचे छापील कागद आणि औरंगाबादचा मक्ता

विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या पेढीचे निजाम सरकाराशीं जे देवघेवीचे व्यवहार झाले, त्यांचे कागद ईस्ट इंडिया कंपनीनें १८२४ सालीं लंडनास छापविले. मराठवाड्याच्या त्या काळच्या राज्यकारभाराचें साधन म्हणून हे कागद मोलाचे आहेत, यांत शंका नाहीं. परंतु ते छापले गेले ते कंपनीच्या भागीदारांसाठीं, आणि लॉर्ड हेस्टिंग्स दोषी कीं निर्दोषी या वादासाठीं. हें न ध्यानांत घेतां त्यांवर विसंबणारा अभ्यासक फसतो.

मूळ प्रकरण थोडक्यांत असें. पगार थकल्यामुळें १८१२ सालीं हैदराबादेस पलटणींचें बंड झालें. त्यानंतर रेसिडेंट हेन्री रसेल यांनीं निजामाच्या नांवानें पण इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं नवी कवायती फौज उभी केली. तिचा पगार दरमहा बिनचूक पोंचला पाहिजे. सरकारी खजिना तर रिकामा. तेव्हां औरंगाबादेकडील फौजेचा पगार पामरच्या पेढीनें आगाऊ द्यावा आणि त्याबद्दल तालुक्यांच्या वसुलावर तिला तनखा लावून द्याव्या, असा बंदोबस्त राजा चंदुलाल यांनीं केला. पेढीचा मालक पुण्याच्या दरबारीं एके काळीं रेसिडेंट असलेल्या जनरल पामर यांचा पुत्र. भागीदारांत बंकटीदास नांवाचा गुजराथी सावकार, आणि पुढें हेस्टिंग्सच्या घरोब्यांतला सर विल्यम रंबोल्ड. फौज निजामाची म्हणावयाची, हुकूम रेसिडेंटाचा, पगार पेढीचा आणि पैसा अखेरीस रयतेचा! कारभाराचीं दोन मुख्य अंगें, वसूल व सैन्य, एकाच मक्त्यानें खासगी हातीं गेलीं.

१८२० अखेर रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफ यांनीं या व्यवहारावर कोरडे ओढले. साठ लाखांच्या कर्जांत आठ लाख निव्वळ बक्षिसाचे होते, हें त्यांनीं उघडकीस आणलें. हेस्टिंग्सच्या पक्षानें व्याजाचा दर हैदराबादच्या बाजारास धरूनच होता असें उत्तर दिलें. के यांनीं १८५४ सालीं लिहिलेलें मेटकाफचें चरित्र हाच वाद पुढें चालवितें, आणि न्याय अर्थातच चरित्रनायकाच्या बाजूनें देतें. आमचा आक्षेप असा कीं, दोन्ही पक्षांनीं प्रश्नच चुकीचा घातला. व्याज शेंकडा अठरा कीं पंचवीस, हा धनको आणि ऋणको यांच्यामधला प्रश्न झाला. ज्याच्या शेतावरून ती रक्कम उचलली जाई, तो या वादांत पक्षकारच नाहीं.

त्याच्या जागीं उभें राहून पाहावयाचें तर सोयगांवासारखें गांव घ्यावें. अजिंठ्याच्या डोंगराखालचा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता; लगतचें खानदेश मात्र १८१८ सालींच कंपनीकडे गेलेलें. (आज याच तालुक्यांत मोडणारीं लेणीं १८१९ सालीं इंग्रज अंमलदारांच्या नजरेस पडलीं. चित्रें पाहावयास पुष्कळ आले. चावडीवरचा हिशेब पाहावयास थोडे.) मक्त्याचा दोष इजारदाराच्या क्रूरतेंत नसून मुदतीच्या अनिश्चितींत होता. नजराणा भरून तालुका घ्यावयाचा, आणि अधिक नजराणा देणारा भेटतांच तो काढून घेतला जावयाचा. शहराबाहेर पडणारा तालुकदार घोड्यावर शेपटाकडे तोंड करून बसतो, मागून दुसरा येतो कीं काय हें पाहण्यासाठीं, अशी थट्टा होत असे. अशा माणसानें विहीर कशास दुरुस्त करावी, किंवा दुष्काळांत सूट कशास द्यावी? हा रोग केवळ निजामशाहीचा नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती जास्त बोली करणारास दिल्या जात, हें एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत स्पष्ट आहे.

पेढीच्या बाजूनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे: शिपायास पगार वेळेवर मिळाला. पण त्याची किंमत? १८२३ सालीं पेढीचें देणें फेडण्यासाठीं निजामानें उत्तर सरकारांबद्दल मिळणारी सात लाखांची वार्षिक पेशकश १,१६,६६,६६६ रुपयांवर कायमची सोडून दिली. पेढी पुढच्याच वर्षीं बुडाली.

मक्ता मात्र बुडाला नाहीं. मेटकाफ यांनीं जिल्ह्यांवर नेमलेले इंग्रज देखरेखदार १८२९ सालीं नासिरुद्दौला गादीवर येतांच काढले गेले आणि इजारे पूर्ववत् झाले. पुढें पेस्तनजी मेहरजी या पारशी सावकारांकडे वऱ्हाडचा वसूल गेला. औरंगाबादच्या टांकसाळींतले रुपयेहि त्यांच्या नांवानें ओळखले जाऊं लागले. तिकडे हैदराबादेंत अरब जमादार आपल्या ऋणकोंना स्वतःच्याच चौक्यांत कोंडून ठेवीत, म्हणजे बंदिखानाहि खासगी झाला. या सर्वांस आळा घालून पगारी अंमलदार नेमण्याचें काम १८५३ नंतर सालारजंगांनीं केलें.

आणि त्याच १८५३ च्या मे महिन्यांत काय झालें? फौजेच्या थकलेल्या पगारापोटीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीनें आपल्या ताब्यांत घेतले. धनकोनें वसूल करावा आणि त्यांतून फौजेस पगार द्यावा: पामरच्या कराराचें कलम हेंच होतें. मेटकाफचा निषेध उचलून धरणाऱ्या के यांचा ग्रंथ याच्या दुसऱ्याच वर्षीं निघाला. धाराशिव व रायचूर १८६० सालीं परत मिळाले. वऱ्हाड १९०२ सालीं सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिलें. हे दोन करारनामे शेजारीं ठेवूनच १८२४ चे कागद वाचावयास हवेत.