कात्री कोण धरते?

आमची आक्का रोज इन्सुलिन टोचून घेते. गेल्या दिवाळीत करंज्या तळता तळता तिने विचारले, "अरे, माझं हे औषध म्हणे कात्रीनं जनुक कापून करतात. एवढी बारीक कात्री धरतं तरी कोण?" मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून जाईना. जनुक अभियांत्रिकीविषयी सोपे करून जे लिहिले जाते, त्याच्या वर्मावरच तिने बोट ठेवले होते.

या लेखनात 'कात्री आणि डिंक' हे रूपक ठरलेलेच. ते खोटे नव्हे. विषाणूंचे डीएनए तोडण्यासाठी जिवाणू जी विकरे बाळगतात, तीच ही कात्री. ईकोआरआय नावाचे विकर सहा अक्षरांचा एकच क्रम ओळखते आणि तेथे नागमोडी काप घेते. कापलेल्या टोकांना चार अक्षरांची शेपटी उरते. अशा दोन शेपट्या एकमेकींना चिकटतात आणि लायगेज हे दुसरे विकर तो सांधा पक्का करते. २०१२ साली पुढे आलेली क्रिस्परची कात्रीही मुळात जिवाणूंचीच.

माझी तक्रार वेगळी आहे. कात्री म्हटली की ती धरणारा हात डोळ्यांपुढे येतो. आणि येथे तर हातच नाही! थेंबभर पाण्यात असंख्य रेणू एकमेकांवर आदळतात, तुकडे हवे तसे आणि नको तसेही जुळतात. जुळलेला डीएनए जिवाणूंत घालावा, तर बहुतेक जिवाणू तो घेतच नाहीत. मग कार्य साधते कसे?

१९७३ साली स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी केलेल्या प्रयोगात त्याचे उत्तर आहे. प्लास्मिड म्हणजे जिवाणूतील डीएनएचे लहानसे वर्तुळ. एका प्लास्मिडमुळे जिवाणू टेट्रासायक्लिनला दाद देत नव्हता, दुसऱ्याच्या तुकड्यामुळे कॅनामायसिनला. दोन्ही जोडून जिवाणूंत घातले आणि दोन्ही औषधे मिसळलेल्या खाद्यावर ते वाढवले. ज्यांच्यात दोन्ही गुण आले तेच जगले. हे कात्रीचे काम नव्हे. हे सुपाचे काम! आमच्या लेखकांनी कात्री दिली, डिंक दिला, आणि पाखडणे तेवढे विसरले.

हा दोष केवळ अलंकाराचा असता तर मी एवढे लिहिले नसते. कात्रीच्या रूपकात कौशल्य दिसते, जबाबदारी दिसत नाही. काय राखायचे आणि काय टाकायचे, हा प्रश्न सुपाशी बसल्यावरच पडतो. तो शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९७४ साली पॉल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे काही प्रयोग तूर्त थांबवावेत असे स्वतःच सुचवले. १९७५ साली कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमून त्यांनी नियमांची चर्चा केली. त्यानंतर, १९७८ साली, जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन करवून घेण्यात आले आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. तोवर ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागे.

यंदा आक्काला उत्तर दिले. म्हटले, "कात्री कुणीच धरत नाही गं, सूप मात्र माणसाच्याच हातात असतं."

ती चिवड्याचे पोहे पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पाखडणाऱ्याची नजर चांगली हवी."