जुन्या जावा आज्ञावल्या नव्या यंत्रावर : चालणे आणि बरोबर चालणे

एखादी गोष्ट 'चालते' असे आपण कधी म्हणतो? बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली दिली आणि ते टिकटिक करू लागले, की आपण ते चालू झाले असे म्हणतो. पण ते वेळ बरोबर दाखवते का, हा प्रश्न वेगळा आहे. त्यासाठी दुसरे, खात्रीचे घड्याळ शेजारी ठेवावे लागते. विज्ञानाच्या शिक्षकाला हा फरक सांगायला नको. तरीही संगणकाच्या बाबतीत तो वारंवार विसरला जातो.

गेल्या काही वर्षांत लिनक्स प्रणालीवर चालणारी, तळहातावर मावणारी लहान खेळयंत्रे बाजारात आली आहेत. साधारण २००२ ते २०१२ या काळात बटणांच्या मोबाइलवर चालणाऱ्या जावा आज्ञावल्या या यंत्रांवर पुन्हा चालवण्याची हौस अनेकांना आहे. त्यासाठी 'फ्रीजेटूएमई' नावाची मुक्त आज्ञावली वापरतात. 'अशा रीतीने जुन्या मोबाइलचा वारसा वाचला', असा दावाही ऐकू येतो. शाळांच्या संगणक-मंडळांत हा उपक्रम घ्यावा का, असे काही शिक्षक आम्हांस विचारतात. म्हणून या दाव्याची थोडी कठोर तपासणी येथे करावयाची आहे.

जावा भाषेचा जन्मच मुळी हातात धरायच्या यंत्रासाठी झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील जेम्स गॉसलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१मध्ये काम सुरू केले आणि १९९२मध्ये 'स्टार सेव्हन' नावाचे हातात धरण्याचे यंत्र तयार केले. ते यंत्र बाजारात आले नाही. भाषा मात्र १९९५मध्ये जगापुढे आली. तिचे घोषवाक्य होते : एकदा लिहा, कुठेही चालवा. कल्पना अशी की, आज्ञावली प्रत्यक्ष यंत्रासाठी न लिहिता एका काल्पनिक, म्हणजे 'आभासी' यंत्रासाठी लिहायची. मग ज्या यंत्रावर ते आभासी यंत्र उभे करता येईल, तेथे आज्ञावली चालेल.

मोबाइलसाठी २०००मध्ये या आभासी यंत्राची छोटी आवृत्ती ठरवण्यात आली. तिला १६० ते ५१२ किलोबाइट एवढीच स्मृती गृहीत धरलेली होती. पहिल्या आवृत्तीत दशांश अपूर्णांकांची सोयच नव्हती. तेव्हा ३.७५ ही संख्या साठवायची तर तिला २५६ने गुणून ९६० हा पूर्णांक साठवायचा आणि शेवटी पुन्हा २५६ने भागायचे, अशा युक्त्या कराव्या लागत. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. कमी साधनांत काम कसे भागवतात, याचा तो उत्तम धडा आहे.

आता फ्रीजेटूएमई काय करते ते पाहू. मोबाइलची जावा आज्ञावली म्हणजे एक 'जार' फाइल. ती प्रत्यक्षात साधी झिप फाइलच असते. ती उघडली तर आत चित्रे, आवाज आणि 'क्लास' फाइली सापडतात. प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट २०२, २५४, १८६, १९० हेच असतात. विद्यार्थ्यांना ते स्वतः पाहता येतील. या फाइलींतील सूचना मोठ्या संगणकाच्या जावालाही कळतात. कळत नाहीत त्या मोबाइलपुरत्या सोयी : पडदा, कळा, नोंदी साठवण्याची जागा, एसएमएस. फ्रीजेटूएमई या सोयींची बदली व्यवस्था पुरवते. पडद्याची रुंदी व उंची मात्र आपणच सांगायची असते, कारण १२८ बाय १२८ ठिपक्यांसाठी लिहिलेला खेळ २४० बाय ३२० वर नीट बसत नाही.

ही व्यवस्था समजावून सांगायला निघोजे येथील शिक्षकांना दूर जावे लागणार नाही. खेड तालुक्यातील हे गाव आता चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मोडते. महिंद्राचा वाहन-कारखाना येथे आहे आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कार्यशाळाही आसपास पुष्कळ आहेत. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या कोणाही पालकाला विचारावे : एका प्रेससाठी केलेला डाय दुसऱ्या प्रेसवर लावायचा तर काय करता? ते सांगतील की, आधी शट हाइट पाहायची आणि उंची कमी पडली तर खाली पॅकिंग प्लेट द्यायची. फ्रीजेटूएमई ही अशीच पॅकिंग प्लेट आहे. पण तेच पालक पुढे आणखी एक गोष्ट सांगतील. पत्र्याचा भाग बाहेर पडला म्हणजे डाय बसला, असे कोणी मानत नाही. पहिला भाग गेजवर लावून तपासतात आणि मगच पुढचे काम सुरू होते. आमची टीका नेमकी येथेच आहे. जुन्या आज्ञावल्या चालवणाऱ्यांकडे पॅकिंग प्लेट आहे, गेज नाही.

गेज नसल्याने काय होते, याची चार उदाहरणे देतो.

पहिले कळांचे. 'कुठेही चालवा' हे घोषवाक्य मोबाइलवर खुद्द त्या काळातही पुरते खरे नव्हते. नोकियाच्या मोबाइलवर पडद्याखालच्या डाव्या कळेचा अंक उणे ६ होता, मोटोरोलाच्या मोबाइलवर उणे २१ आणि सीमेन्सच्या मोबाइलवर उणे १. आता हाच उणे १ नोकियावर 'वर जा' या बाणाचा अंक होता. म्हणजे एकीकडचा 'वर' दुसरीकडे 'निवडा' होई. म्हणूनच एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या निघत. आज फ्रीजेटूएमईत मोबाइलची जात निवडण्याची सोय आहे. पण हाताशी असलेली फाइल कोणत्या जातीची, हे फाइलीच्या नावावरून कळतेच असे नाही.

दुसरे वेगाचे. समजा, एका खेळाच्या प्रत्येक टप्प्याला चित्र काढायला ६० मिलिसेकंद लागत आणि आज्ञावली त्यानंतर ४० मिलिसेकंद थांबत असे. म्हणजे सेकंदाला १० टप्पे. नव्या यंत्रावर चित्र २ मिलिसेकंदांत निघते, थांबणे मात्र तेवढेच राहते. सेकंदाला सुमारे २४ टप्पे होतात. खेळ जवळपास अडीचपट वेगाने धावतो. मुलगा हरतो आणि म्हणतो, 'जुने खेळ फार अवघड होते!' निष्कर्ष चुकीचा. पण जुना मोबाइल शेजारी नसेल तर तो खोडणार कोण?

तिसरे उदाहरण आपल्या लिपीचे आहे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. त्या काळच्या अनेक मोबाइलांत देवनागरीचे अक्षरसंच नव्हते. पडद्यावर रिकामे चौकोन दिसत. अक्षरसंच असला तरी जोडाक्षरे जुळवण्याचे नियम असतीलच असे नाही. मग पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाई आणि 'क्ष' फुटे. त्यावरचा एक उपाय म्हणजे प्रत्येक अक्षर चित्ररूपाने आज्ञावलीतच ठेवणे. आज लिनक्स यंत्रावर देवनागरी अक्षरसंच असेल, तर जी आज्ञावली तेव्हा चौकोन दाखवत होती, ती आता स्वच्छ मराठी दाखवू शकते. दिसायला ही सुधारणा आहे. इतिहास म्हणून ती दिशाभूल आहे. २००६च्या सुमारास मोबाइलवर मराठी वाचणे किती कष्टाचे होते, हे त्या पडद्यावरून कधीच कळणार नाही.

चौथे उदाहरण दूरच्या यंत्रावर अवलंबून असण्याचे. ऑपेरा मिनी या जावा न्याहाळकात, अवघड लिप्यांची अक्षरे चित्ररूपाने मागवण्याची एक सोय आतल्या पानावर दडलेली होती. ती चालू केली की अक्षरांची चित्रे कंपनीच्या सर्व्हरवर तयार होऊन मोबाइलवर येत. कित्येकांनी इंटरनेटवरचे मराठी प्रथम वाचले ते याच वाटेने. पण ती कला मोबाइलमधल्या फाइलीत नव्हतीच. फाइल जपली तरी ती जपली जात नाही. जावाबाहेरचे उदाहरणही असेच आहे. शेतकऱ्यांना बाजारभाव व हवामान कळवणारी नोकियाची 'लाइफ टूल्स' सेवा २००९मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली आणि २०१३च्या अखेरीस बंद पडली. तिची चित्रे आज पडद्यावर आणता आली, तरी भाव कोठून येणार?

येथे एक आक्षेप घेतला जाईल : हौशी लोकांनी निदान काही तरी केले, ज्यांच्या हाती साधने होती त्यांनी काय केले? आक्षेप रास्त आहे. २०१७मध्ये मुंबईच्या रिलायन्स उद्योगसमूहाने जिओफोन आणला. १,५०० रुपये अनामत भरून मिळणारा हा मोबाइल 'कायओएस' प्रणालीवर, म्हणजे मुळात लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. पडदा २४० बाय ३२० ठिपक्यांचा, कळा अंकांच्या, स्मृती ५१२ मेगाबाइट. उत्तरकाळातील जावा मोबाइलचाच तो साचा. स्मृती मात्र जावाच्या मोबाइल आवृत्तीने गृहीत धरलेल्या वरच्या मर्यादेच्या १,०२४ पट. तरी त्यात जावा आज्ञावल्या चालवण्याची सोय नव्हती. ती अशक्य होती असेही नाही. मोझिला संस्थेने आपल्या फायरफॉक्स ओएससाठी 'प्लुओटसॉर्बे' नावाचे जावाचे आभासी यंत्र लिहिले होते, आणि कायओएस ही त्याच फायरफॉक्स ओएसच्या वंशातली प्रणाली. परवाने, चाचण्या, व्यापारी हिशेब अशी कारणे असू शकतात. परिणाम मात्र एकच : साध्या मोबाइलवरचा माणूस नव्या साध्या मोबाइलवर गेला आणि त्याच्या आज्ञावल्या मागे राहिल्या.

कायदाही मदतीला येत नाही. छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात व ठरलेल्या इतर ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन १९५४च्या कायद्याने प्रकाशकावर घातले आहे. मोबाइलच्या आज्ञावलीला ते लागू नाही. उलट १९५७चा स्वामित्वहक्क कायदा तिला साहित्यकृतीसारखे दीर्घ संरक्षण देतो. मुंबईत १९९९मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्ससारख्या कंपनीने मोबाइलसाठी खेळ तयार केले. पुढे ती डिस्नेच्या मालकीची झाली. अशा खेळांची प्रत कोणी जपावी, हे ठरलेले नाही. हक्क मात्र शिल्लक आहे. म्हणून अनोळखी ठिकाणांहून जार फाइली गोळा करून शाळेत वाटणे आम्हांस मान्य नाही.

मग हा उपक्रम सोडून द्यावा का? नाही. फ्रीजेटूएमईचा मोठा गुण असा की तिचा मूळ मजकूर खुला आहे. कोणती कळ कोणत्या अंकाला जोडली आहे, हे अकरावी-बारावीचा विद्यार्थी वाचू शकतो, बदलूही शकतो. मात्र उपक्रमाला प्रयोगाची शिस्त हवी. विद्यार्थ्यांनी घरातला बंद पडलेला बटणांचा मोबाइल शोधावा. पट्ट्यातील अनेक कारखान्यांत कॅमेऱ्याचा मोबाइल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे असे मोबाइल येथील घरांत अजून सापडतात. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज करू नये, टोचू नये, बदलावी. मोबाइल चालू झाला की त्यातील एक आज्ञावली निवडावी. एका मिनिटात किती टप्पे होतात, कोणती कळ काय करते, मराठी अक्षरे कशी दिसतात, हे नोंदवावे. मग फाइल तारेने किंवा मेमरी कार्डाने उतरवता आली, तर लिनक्स यंत्रावर चालवून त्याच नोंदी शेजारच्या रकान्यात घ्याव्यात. उतरवता आली नाही, तर विद्यार्थ्यांनी स्वतःच लहानशी आज्ञावली लिहून दोन्हीकडे चालवावी.

दोन रकान्यांत जेथे फरक दिसेल तेथे खरे शिक्षण सुरू होते. आणि मोबाइलमध्ये एखादी मराठी आज्ञावली निघालीच, तर तिचे नाव, मोबाइलचा नमुना आणि पडद्याचे छायाचित्र शाळेच्या दप्तरी ठेवावे. तिची दुसरी प्रत कोठे असेलच, असे आज कोणीही सांगू शकत नाही. तो मोबाइल भंगारात जाण्यापूर्वी एवढे झाले पाहिजे.